साडेतीन गिरक्या

आमच्या रिठद गावाला बर्फ येतो तो लादीच्या रूपात. लाकडाच्या भुशात लोळवलेली, ओल्या पोत्यात गुंडाळलेली लादी उन्हाळ्यात लग्नाच्या मांडवामागे उतरते. कुणीतरी सब्बल घेऊन ती फोडतो आणि एखादा तुकडा निसटून फरशीवरून सुर्रकन लांब जातो. पोरं त्याच्यामागे धावतात, हाताला चटका बसला की सोडतात, पुन्हा धरतात. दुपार कलायच्या आत त्याचं पाणी झालेलं असतं. अशा बर्फावर उभं राहावं, त्यावरून वेगानं जावं, जाता जाता हवेत उडी मारून गिरक्या घ्याव्यात आणि परत त्याच बर्फावर एका पायावर उतरावं, हे रिसोड तालुक्यातल्या माणसानं कशाला मनात आणावं?

मी मनात आणलं ते काट्यामुळे. सोयाबीन विकून आलेल्या कास्तकाराच्या तोंडी आमच्याकडे एक वाक्य हमखास असतं: माल तोच, काटा वेगळा. घरी भरलेला कट्टा तोच, दाणा तोच. घरचं वजन आणि बाजारातलं वजन मात्र जुळत नाही. ओलाव्याचे कापले, मातीचे कापले, हाती उरलं ते घ्या. जपानच्या मिदोरी इतोची कारकीर्द वाचताना पानोपानी हेच वाक्य आठवत गेलं. जगानं तिला वर्षानुवर्षं ज्या काट्यावर घातलं, तो तिच्या मालासाठी घडवलेलाच नव्हता. पुढे काटा बदलला, तर ऐन वेळी मालानं दगा दिला. आणि तरीही तिचं नाव राहिलं, ते काट्यानं न मोजलेल्या एका गोष्टीसाठी.

ही हकीगत सुरू करायची तर १९३६ सालापासून करावी लागते, कारण त्या वर्षी जपान आणि वऱ्हाड दोघंही जर्मनीच्या दारात उभे होते. फेब्रुवारीत गार्मिश-पार्टेनकिर्शेन इथे हिवाळी ऑलिंपिक भरलं. तिथे एत्सुको इनादा नावाची, स्पर्धा सुरू असतानाच बारावं वर्ष पूर्ण झालेली जपानी मुलगी फिगर स्केटिंगमध्ये उतरली. नॉर्वेच्या सोनिया हेनीनं लागोपाठ तिसरं सुवर्ण घेतलं. इनादा सव्वीस जणींत दहावी आली. त्याच उन्हाळ्यात बर्लिनला मुख्य ऑलिंपिक झालं आणि तिथे आपल्या अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक गेलं. १९१४ साली स्थापन झालेल्या या मंडळाच्या गड्यांनी परक्या मुलखात मल्लखांब आणि कबड्डी करून दाखवली.

फरक एवढाच, की आपल्या पथकानं खेळ दाखवला. त्याला टाळ्या होत्या, गुण नव्हते. इनादाला गुण होते. ती दुसऱ्याच्या काट्यावर चढली होती, आणि तिच्यामागून येणाऱ्या प्रत्येक जपानी मुलीला त्याच काट्यावर चढायचं होतं.

तो काटा कसा होता, हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

फिगर स्केटिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे झगमगीत कपडे, संगीत आणि गिरक्या येतात. नावातली ‘फिगर’ मात्र आकृतीची आहे. खेळाडूनं कोऱ्या बर्फावर एका पायाच्या पात्याच्या धारेनं एक वर्तुळ काढायचं, त्याला जोडून दुसरं काढायचं, म्हणजे आठाचा आकडा झाला. मग त्याच रेघेवरून पुन्हा जायचं, आणि तिसऱ्यांदाही. धार कुठे बदलली, वर्तुळ कुठे चपटं झालं, तिन्ही रेघा एकमेकींवर बसल्या की नाही, हे पंच वाकून, प्रसंगी गुडघे टेकून तपासत. दारात रोज रांगोळी घालणाऱ्या बाईला यातली कठिणाई लगेच कळेल: ठिपके न टाकता, हात न टेकता, एकच वेल तीनदा एकावर एक काढायची. संगीत नाही, फारसे प्रेक्षक नाहीत. या सक्तीच्या आकृत्यांना एके काळी एकूण गुणांत निम्म्याहून जास्त वजन होतं.

त्याचा परिणाम जपाननं स्वतःच्या घरात पाहिला. १९७२ साली साप्पोरोला हिवाळी ऑलिंपिक झालं. ऑस्ट्रियाची बेआट्रिक्स शूबा आकृत्यांत इतकी पुढे गेली, की संगीतावरच्या मुक्त कार्यक्रमात सातवी येऊनही सुवर्णपदक तिच्याच गळ्यात पडलं. मुक्त कार्यक्रम जिंकणारी अमेरिकेची जॅनेट लिन तिसरी राहिली. लिन त्या कार्यक्रमात बसून घ्यायच्या गिरकीत पडली होती. पडली आणि हसत उठली. त्या हसण्यावर सारा जपान भाळला; पुढची कित्येक वर्षं तिथल्या लोकांना साप्पोरो म्हटलं की विजेती आठवायची नाही, पडलेली मुलगी आठवायची.

टीव्हीवर पाहणाऱ्यांनी विचारायला सुरुवात केली, की आम्हाला जी उत्तम दिसली ती तिसरी कशी? आकृत्या त्यांनी पाहिल्याच नव्हत्या. लगेच दुसऱ्या मोसमात, १९७३ साली, ठरावीक उड्या आणि गिरक्यांचा एक छोटा कार्यक्रम स्पर्धेत घातला गेला आणि आकृत्यांचं वजन उतरायला लागलं. उतरलं, संपलं नाही. १९८८ सालीही शंभरातला तीस टक्के हिस्सा त्यांचाच होता.

साप्पोरो झालं तेव्हा मिदोरी इतो अडीच वर्षांची होती. जन्म १३ ऑगस्ट १९६९ चा, गाव नागोया. कापडगिरण्यांचं आणि मोटारींचं शहर. तिथल्या ओसू भागात, देवळाच्या आणि बाजारपेठेच्या गजबजाटाजवळ, बर्फाचं एक बंदिस्त मैदान आहे. शाळेत जायच्या वयाआधीच मिदोरी तिथे घसरायला लागली आणि माचिको यामादा नावाच्या प्रशिक्षिकेच्या नजरेत भरली. पुढे आईवडील वेगळे झाले. घरची ओढाताण सुरू झाली आणि दहाएक वर्षांची मिदोरी यामादाबाईंच्या घरीच राहायला गेली.

आपल्याकडे तालमीत वस्तादाच्या घरी राहून, त्याच्याच चुलीवरचं खाऊन पैलवान घडायचे. नागोयातला प्रकार याहून वेगळा नव्हता. बर्फावरचा खेळ फार खर्चाचा. पाती, बूट, मैदानाचं भाडं, प्रवास. एकट्या आईला हे झेपणारं नव्हतं. यामादाबाईंनी शिष्येला घरात घेतलं नसतं तर पुढचं काही घडलं नसतं.

पोरीचे पाय विलक्षण होते. उंची वाढून वाढून १४५ सेंटिमीटरवर थांबली, म्हणजे आपल्या सहावी-सातवीतल्या मुलीएवढी. मांड्यांत मात्र स्प्रिंग बसवल्यासारखी ताकद होती. बरोबरीच्या मुली दुहेरी उड्या घोटत असताना ही तिहेरी उड्या घ्यायची. १९८० च्या डिसेंबरात, अकराव्या वर्षी, ती जागतिक कनिष्ठ स्पर्धेसाठी कॅनडात गेली. उड्यांत ती पुढे होती, आकृत्यांत खूप मागे. बेरीज झाली तेव्हा आठवी.

हाच हिशेब पुढची आठ वर्षं चालला. १९८४ च्या जागतिक स्पर्धेत सातवी, १९८६ ला अकरावी, १९८७ ला आठवी. मध्ये दुखापतींचे मोसम आले. १९८५ पासून जपानचं राष्ट्रीय अजिंक्यपद तिनं सलग आठ वर्षं कुणाला दिलं नाही. घरच्या काट्यावर तिचा माल पुरा भरत होता. बाहेर गेलं की आकृत्यांचे कापले जायचे. आणि आकृत्यांत टिकलीच, तर पंचांच्या हातात दुसरा गुण असायचाच. त्या काळी प्रत्येक पंच सहापैकी दोन गुण द्यायचा, एक तांत्रिक कौशल्याचा आणि एक सादरीकरणाचा. लांब पायांच्या, राजकन्येसारख्या दिसणाऱ्या युरोपी-अमेरिकी मुलींवर नजर तयार झालेल्या पंचांना ही बुटकी, दणकट, उडी जमली की लहान पोरीसारखी खुदकन हसणारी मुलगी कुठल्या खणात ठेवावी ते कळत नसे.

फेब्रुवारी १९८८, कॅनडातलं कॅल्गरी. हिवाळी ऑलिंपिकमधलं सारं लक्ष पूर्व जर्मनीची कॅटरिना विट आणि अमेरिकेची डेबी थॉमस यांच्याकडे होतं. दोघींनीही बिझेच्या ‘कार्मेन’चं संगीत निवडलं होतं, त्यामुळे वर्तमानपत्रांना आयतीच झुंज मिळाली होती. इतो आकृत्यांत दहावी होती. पदकाचा प्रश्न तिथेच मिटला होता.

मग ती मुक्त कार्यक्रमाला उतरली. चार मिनिटांत तिनं पाच वेगवेगळ्या प्रकारच्या मिळून सात तिहेरी उड्या घेतल्या. बाईनं एका कार्यक्रमात इतक्या तिहेरी उड्या उतरवल्याचं तोवर कुणी पाहिलं नव्हतं. उडी संपून ती बर्फाला टेकायची तोवर पुढचीची तयारी दिसायची. संगीत थांबायच्या आधीच सॅडलडोममधले लोक उभे राहिले. इतो दोन्ही हात उंचावून नाचायला लागली, आणि लोक बसेनात. मुक्त कार्यक्रमात तिसरी, एकूण पाचवी. सुवर्ण विटला मिळालं. स्पर्धा पाहून घरी गेलेल्या माणसाला मात्र विट आणि थॉमसच्या बरोबरीनं पाचवी आलेली बुटकी मुलगी लक्षात राहिली. साप्पोरोत जे लिनच्या बाबतीत झालं होतं तेच सोळा वर्षांनी एका जपानी मुलीच्या बाबतीत झालं.

कॅल्गरीत तिनं एक उडी राखून ठेवली होती. तिहेरी अ‍ॅक्सल.

बर्फावरच्या बाकीच्या उड्या पाठमोऱ्या सुरू होतात. अ‍ॅक्सल ही एकच उडी समोर तोंड करून घ्यावी लागते, आणि उतरायचं मात्र सगळ्या उड्यांसारखं पाठमोरंच. त्यामुळे तिच्यात नेहमी अर्धी गिरकी जास्त पडते. नॉर्वेच्या अ‍ॅक्सल पॉलसननं १८८२ साली व्हिएन्नात ती पहिल्यांदा घेतली, तेव्हा ती दीड गिरकीची होती. अडीच गिरक्यांची उडी यायला १९४८ साल उजाडलं. अमेरिकेच्या डिक बटननं ती साधली. साडेतीनची उडी कॅनडाच्या व्हर्न टेलरनं १९७८ साली घेतली. हे झालं पुरुषांचं. बायकांत दीडची उडी सोनिया हेनीनं आणली, अडीचची अमेरिकेच्या कॅरल हाइसनं १९५३ साली.

साडेतीन हा आकडा आपल्या अंगवळणी आहे. मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन, पेशवाईतले शहाणेही साडेतीनच. अर्ध्याची किंमत मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. तीन गिरक्यांची उडी घेणाऱ्या मुली इतोच्या काळात बऱ्याच होत्या. वरच्या अर्ध्या गिरकीसाठी सेकंद पुरा व्हायच्या आत शरीर जास्त उंच न्यावं लागतं, जास्त घट्ट आवळावं लागतं, आणि समोर तोंड करून सुटताना पुढचा बर्फ डोळ्यांनी पाहत भीतीसकट उडावं लागतं. बाईच्या अंगात तेवढी ताकद नसते, असं तेव्हा जाणकारही म्हणत.

१९८८ च्या शरदात नागोयाच्या परिसरात, आपल्या आइची प्रांताच्या एका स्थानिक स्पर्धेत, इतोनं साडेतीन गिरक्या घेतल्या आणि ती उभी राहिली. त्याच वर्षी नोव्हेंबरात जपानमधल्या एनएचके करंडक स्पर्धेत ती उडी तिनं आंतरराष्ट्रीय पंचांसमोर पुन्हा घेतली. व्हर्न टेलरनंतर दहा वर्षांनी बायकांचं साडेतीनचं खातं उघडलं.

मार्च १९८९, पॅरिसची जागतिक स्पर्धा. इतो आकृत्यांत सहावी आली. तिच्यासाठी ही मोठीच कमाई होती. मग छोटा कार्यक्रम जिंकला, मुक्त कार्यक्रम जिंकला. तिहेरी अ‍ॅक्सल त्यात होतीच. पाच पंचांनी तांत्रिक कौशल्याला सहापैकी सहा दिले. इनादा गार्मिशला उतरल्याला त्रेपन्न वर्षं झाली होती. मिनोरू सानोनं १९७७ साली आणि एमी वातानाबेनं १९७९ साली जागतिक कांस्य मिळवून जपानसाठी दार किलकिलं केलं होतं; पण फिगर स्केटिंगच्या कुठल्याही प्रकारात जगज्जेतेपद आशियात आलं ते त्या दिवशी.

पुढच्याच वर्षी, १९९० साली, कॅनडातल्या हॅलिफॅक्सला काट्यानं वसुली केली. इतोनं पुन्हा छोटा कार्यक्रम जिंकला, पुन्हा मुक्त कार्यक्रम जिंकला, आणि दुसरी आली. आकृत्यांत ती दहावी होती; तिथे पहिली आलेली अमेरिकेची जिल ट्रेनरी जगज्जेती ठरली. यातला खरा विनोद असा, की आकृत्या बंद करायचा ठराव आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेनं आधीच केला होता. हॅलिफॅक्सची ही आकृत्यांची शेवटची जागतिक स्पर्धा. ज्या काट्याची मोडीत निघायची तारीख ठरली होती, त्यानंच जाता जाता तिचं सुवर्ण कापून घेतलं.

ट्रेनरीचं इथे काही चुकलं नव्हतं. नियम तसा होता आणि त्या नियमात ती सरस होती. शूबाही नियमानंच जिंकली होती. आकृत्यांमुळे खेळाडूच्या पात्याला शिस्त लागायची, हेही जुने जाणकार आजवर सांगतात. इतोवर अन्याय झाला म्हणून नुसता गळा काढला तर तिची पुढची दोन वर्षं कळत नाहीत. कारण आता काटा बदलला होता. आकृत्या गेल्या. उरल्या त्या उड्या, गिरक्या, संगीत. जगात तिच्याइतकी उंच उडी कुठल्याही बाईची नव्हती. हिशेबानं पुढची सगळी सुवर्णं तिचीच होती.

१९९१ साली म्युनिकला जागतिक स्पर्धेत छोट्या कार्यक्रमाआधीच्या सरावात फ्रान्सच्या लेतिसिया ह्युबेरची आणि तिची जोरात धडक झाली. तशीच ती कार्यक्रमाला उतरली. एका उडीला जागेचा अंदाज चुकला. मैदानाच्या कडेच्या कठड्यात टीव्हीच्या कॅमेऱ्यासाठी एक फट मोकळी ठेवली होती. उडी संपताना इतो त्या फटीतून सरळ बर्फाबाहेर गेली. लोकांच्या तोंडून आवाज निघतो न निघतो तोवर ती उडी मारून परत आत आली आणि राहिलेला कार्यक्रम तिनं पुरा केला. ती चौथी आली. पहिल्या तिन्ही जागा अमेरिकेनं घेतल्या: क्रिस्टी यामागुची, टोन्या हार्डिंग, नॅन्सी केरिगन. त्यातल्या हार्डिंगनं त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत साडेतीनची उडी घेतली होती. जगात ती उडी येणाऱ्या आता दोघी होत्या.

तिथून फ्रान्समधल्या आल्बेर्व्हिलच्या ऑलिंपिकपर्यंत अकरा महिने. जपानी बाईला हिवाळी ऑलिंपिकमध्ये तोवर एकही पदक मिळालेलं नव्हतं. त्याच स्पर्धेत, काही दिवस आधी, सेइको हाशिमोतोनं वेगाच्या स्केटिंगमध्ये कांस्य मिळवून ते खातं उघडलं. पण देश वाट पाहत होता ती मिदोरीच्या सुवर्णाची. सरावाला कॅमेरे, जेवायला कॅमेरे. समोर यामागुची होती. नाव जपानी, देश अमेरिका. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं जपानी वंशाच्या आपल्याच नागरिकांना ज्या छावण्यांत डांबलं, त्यांतल्या एका छावणीत तिच्या आईचा जन्म झालेला. यामागुचीच्या भात्यात साडेतीनची उडी नव्हती. तिची ताकद नेटकेपणात होती.

१९ फेब्रुवारी १९९२. छोटा कार्यक्रम. सरावात अ‍ॅक्सल दगा देत होती, म्हणून इतोनं ऐन वेळी ती काढून त्याजागी तिहेरी लुट्झ घेतली. तिच्यासाठी सोपी उडी. त्याच उडीवर ती पडली. चौथी.

जिनं आयुष्यभर अवघड तेच केलं, तिनं एकदा जपून पाऊल टाकलं आणि नेमकं तिथेच घसरली. दोन दिवसांनी, २१ फेब्रुवारीला, मुक्त कार्यक्रम होता. संगीत रखमानिनोवचं. सुरुवातीलाच तिनं साडेतीनची उडी घेतली. या वेळी माघार नव्हती. हवेत गेली, फिरली, आणि पडली.

कार्यक्रम आखलेला असतो. कुठल्या सुरावर कुठली उडी, हे महिनोन् महिने घोटलेलं असतं. चुकलेली उडी मागे सोडून पुढे जायचं, हाच रिवाज. इतो पुढे गेली. एकेक तिहेरी उडी उतरवत राहिली. तीन मिनिटांच्या आसपास, जेव्हा मांड्या भरून येतात, श्वास पुरत नाही आणि शहाणे खेळाडू सोप्या उड्यांवर भागवतात, तेव्हा ती पुन्हा समोर तोंड करून वेग घ्यायला लागली. दुसऱ्यांदा. साडेतीन गिरक्या घेऊन ती एका पायावर उतरली आणि उभी राहिली. ऑलिंपिकमध्ये बाईनं तिहेरी अ‍ॅक्सल उतरवली ती ही पहिली.

त्या रात्री बहुतेक जणी कुठे ना कुठे चुकल्या. यामागुचीनंही एकदा बर्फाला हात टेकला आणि एक उडी कमी गिरक्यांची घेतली, तरी दोन्ही कार्यक्रम तिचेच आणि सुवर्णही तिचंच. दोन्ही कार्यक्रमांतल्या क्रमांकांवरून काढलेली इतो आणि केरिगनची बेरीज सारखी, चार-चार, निघाली. बरोबरी झाली तर मुक्त कार्यक्रमात जी वर, तिला मान. इतो तिथे दुसरी होती, केरिगन तिसरी. नव्या काट्यानं हे रुपं तिला दिलं. फिगर स्केटिंगमधलं जपानचं हे पहिलं ऑलिंपिक पदक.

आणि पदक गळ्यात असताना तिनं देशाची माफी मागितली. सुवर्ण आणता आलं नाही म्हणून. वीस वर्षांपूर्वी पडून हसलेल्या अमेरिकी मुलीला याच देशानं डोक्यावर घेतलं होतं. स्वतःच्या मुलीला पडून उठल्यावरही क्षमा मागावीशी वाटली. परक्याच्या पडण्यावर प्रेम करणं सोपं असतं. घरच्या पोरीकडून सोन्याचाच हिशेब मागितला जातो. आपल्याकडेही उपांत्य फेरीत हरलेल्या खेळाडूच्या दारापुढे काय बोललं जातं, ते ऐकून माहीत आहे.

त्यानंतर इतो व्यावसायिक कार्यक्रमांत गेली. व्यावसायिकांबाबतचे नियम सैल झाल्यावर १९९६ साली स्पर्धेत परतली, नवव्यांदा राष्ट्रीय विजेती झाली. एडमंटनच्या जागतिक स्पर्धेत मात्र सातवी आली. अंगात रक्त कमी, शरीर थकलेलं. ती पुन्हा थांबली.

७ फेब्रुवारी १९९८ ला नागानोत हिवाळी ऑलिंपिकचं उद्घाटन झालं. मॅरेथॉनची जगज्जेती हिरोमी सुझुकी मशाल घेऊन पायऱ्या चढली आणि तिनं ती वर उभ्या असलेल्या एका छोट्याशा बाईच्या हाती दिली. प्राचीन देवतेसारखा, पायघोळ वेष केलेल्या मिदोरी इतोनं ज्योत पेटवली. जिनं माफी मागितली होती, तिला देशानं असं उत्तर दिलं. सहा वर्षं उशिरा का होईना.

खरं उत्तर ओसूच्या मैदानावर तयार होत होतं. यामादाबाई तिथेच शिकवत होत्या. मिदोरीची उडी बघून मोठ्या झालेल्या मुलींना साडेतीन हा आकडा अशक्य वाटेनासा झाला होता. तो आता अभ्यासक्रमात होता. यामादाबाईंची युकारी नाकानो २००२ साली साडेतीनची उडी घेऊन उतरली. २००६ साली तोरिनोला शिझुका अराकावानं जपानला या खेळातलं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण दिलं. ती सेंदाईत घडलेली. तेच सेंदाई पुढे युझुरू हान्यूचं, २०१४ आणि २०१८ अशी लागोपाठ दोन सुवर्णं घेणाऱ्याचं गाव म्हणून जगाला कळलं. आणि नागोयातच, यामादाबाईंच्या हाताखाली, माओ असादा नावाची मुलगी वाढली. २०१० साली व्हँकुव्हरला तिनं एकाच ऑलिंपिकमध्ये तीन वेळा तिहेरी अ‍ॅक्सल घेतली आणि रुपं मिळवलं.

त्याच असादाची २०१४ सालची सोचीची गोष्ट सांगितल्याशिवाय ही हकीगत मिटत नाही. १९ फेब्रुवारीचा छोटा कार्यक्रम. असादा अ‍ॅक्सलवर पडली, पुढेही कोलमडत गेली आणि सोळावी आली. पदक गेलं होतं. दुसऱ्या दिवशी मुक्त कार्यक्रमात तिनं पहिलीच उडी साडेतीनची घेतली आणि उतरवली. त्यामागून एकेक तिहेरी उडी. संपल्यावर ती रडायला लागली आणि रडता रडता हसली. सोळावीवरून सहावी. जपानमध्ये त्या सहाव्या क्रमांकाबद्दल कुणी माफी मागायला लावली नाही. तिच्याबरोबर लोकही रडले. आल्बेर्व्हिलपासून सोचीपर्यंतच्या बावीस वर्षांत तो देश एवढं शिकला होता, आणि शिकवणारी मिदोरी होती.

इतो स्वतः २०११ साली, एक्केचाळिसाव्या वर्षी, जर्मनीत ओबर्स्टडॉर्फच्या प्रौढांच्या स्पर्धेत पुन्हा बर्फावर उतरली. साडेतीनची उडी आता नव्हती. ती त्या वेळी लहान उड्यांवर खूष होती.

बाजारातून परतणाऱ्या कास्तकाराच्या खिशात काटापट्टी असते. तिच्यावर वजन असतं, भाव असतो, कपात असते. मृगात पेरलेलं उगवलंच नाही, पाऊस दडी मारून बसला, मग उसनवारीनं बी आणून त्याच वावरात पुन्हा तिफण धरली, हे त्या पट्टीवर नसतं. आल्बेर्व्हिलच्या निकालपत्रकातही मिदोरी इतोच्या नावापुढे चौथी, दुसरी आणि रुपं एवढंच लिहिलेलं आहे. तिसऱ्या मिनिटाला, भरून आलेल्या पायांनी तिनं जे केलं, त्याला आमच्या रिठदला दुबार पेरणी म्हणतात.